चिखल्यात जळालेला डायनामो

मी आज जो कोणी आहे तो सानगडीच्या दसाराम मिस्त्रींमुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्या दुकानात मी कसा वागलो तेही लिहायचं आहे. मिस्त्रींचं दुकान सेल्फ-डायनामोचं. इंजिन सुरू करणारी मोटर, आणि इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, या दोन्हींची दुरुस्ती. पुस्तकात ज्याला अल्टरनेटर म्हणतात त्याला आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात. माझे वडील भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे माझ्याआधी कुणी गेलं नव्हतं. भारनियमनात गाव अंधारात असायचं तेव्हा मिस्त्री दुकानातच एका कोपऱ्यात एखाद्या बॅटरीवर बल्ब लावून द्यायचे, आणि त्याच्या उजेडात मी बारावी केली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ते नागपूरला माझ्याबरोबर आले आणि दिवसभर कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांना आत या म्हणालो तर म्हणाले, माझे कपडे ग्रीसचे आहेत.

या हिवाळ्यात मी माझ्याच जिल्ह्यात पाहुणा म्हणून फिरलो. सोबत अनिकेत होता. आम्ही चाकणला एकाच कारखान्यात काम करतो. त्यानं एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्या आत घर केलं आहे. पलंग, ओटा, शेगडी, छोटा फ्रीज, आणि त्याच्या आईनं शिवलेले खिडक्यांचे पडदे. खरं सांगतो, मला त्या पडद्यांचाही हेवा वाटत होता. मुलगा नोकरीतून महिनाभराची सुटी घेऊन भटकायला निघाला म्हणून त्याला पडदे शिवून देणारी आई मी प्रथमच पाहिली. माझ्या घरी अशा बेताला कुणी दारही उघडलं नसतं.

व्हॅनमध्ये माझा एकच वाटा होता, पण मोठा. आतली सगळी वीज मी बसवली होती. पलंगाखाली मोठी लिथियम बॅटरी होती आणि ती गाडी चालताना डायनामोवर भरायची होती. डायनामो आणि बॅटरी यांच्या मध्ये, बेताचाच प्रवाह देणारा एक चार्जर बसवतात. तो यायला तीन आठवडे लागणार होते. मी अनिकेतला म्हणालो, त्याची गरज नाही, मी एका रिलेवर, म्हणजे आपोआप लागणाऱ्या स्विचवर, आणि जाड केबलवर काम करून देतो. गाडी सुरू करून दहा मिनिटं मीटर पाहिला. भराभर प्रवाह जात होता. व्हॅन त्याची होती, पण तिच्यातला उजेड माझा होता, असं मला वाटलं.

कारधा

भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर कारधा आहे. लहानपणी शंभर वेळा मी बसमधून हा पूल ओलांडला असेन, पण नदीकाठी कधी उतरलो नव्हतो. बस थांबायची नाही, आणि थांबली असती तरी तिथे उतरून काय करायचं हा प्रश्न होता. अनिकेतनं मात्र पूल दिसताच गाडी खाली घेतली, दार सरकवलं आणि चहा टाकला. धुकं पाण्यावरून उठत होतं. दोन डोंगे जाळी ओढत होते. मी पाहत राहिलो आणि माझ्या मनात आलं की माझी नदी हा पुण्याचा माणूस माझ्याआधी बघतो आहे.

टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन एक बाई आल्या. तलावातले शिंगाडे थंडीत आमच्याकडे असे दारोदार येतात. काळं टरफल दातानं फोडायचं आणि आतला गर मिठाबरोबर खायचा. अनिकेतला ते फोडता येईना. त्याच्या ओठाला काटा लागला तेव्हा बाई मनसोक्त हसल्या, जवळ बसून त्याला रीत शिकवली, आणि वर मूठभर जास्तीचे शिंगाडे त्याच्या ओंजळीत टाकले. मग माझ्याकडे बघून त्याला विचारलं, "तुमच्या ड्रायव्हरले बी देऊ का, सायेब?"

मी झाडीपट्टीतल्या आमच्या बोलीत त्यांना सांगितलं की मी सानगडीचा आहे. त्या म्हणाल्या, "मंग तुले कायले देऊ? तू तं रोजच खात असशीन." बारा वर्षांत मी शिंगाडा तोंडात घातला नव्हता, पण हे काही त्यांना सांगितलं नाही.

थोड्या वेळात पाचसहा माणसं जमली. गाडीत फ्रीज कसा चालतो, रात्रभर दिवा कसा राहतो, हे सगळे अनिकेतला विचारत होते. तो प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, हे सगळं ह्यानं केलंय, मला यातलं काही कळत नाही. माणसं माझ्याकडे एकदा बघायची आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारायची. एखाद्याचा हेवा करायचा तर तो माणूस थोडा तरी वाईट असावा. अनिकेतनं माझी तेवढीही सोय केली नाही.

चिखला

तुमसरवरून वर गेलं की जमीन बदलते. धानाच्या बांध्या मागे पडतात, रस्त्याची धूळ काळपट होते आणि ट्रकांच्या मागे ती लांबवर लटकत राहते. चिखला मँगनीजच्या खाणीचं गाव. वसाहतीत माझ्या वर्गमित्राचे वडील राहतात. आयुष्यभर खाणीत उतरले, आता निवृत्त आहेत. त्यांनी आम्हाला अंगणात गाडी लावू दिली आणि रात्रीच्या जेवणाला लाखोळीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी केली. अनिकेतनं डाळ तीनदा घेतली. पुण्यात पाहुण्याला पोट भरलं का विचारतात. आमच्याकडे विचारत नाहीत, वाढतात. त्याला हे फार आवडलं.

जेवताना काकांनी खाणीतल्या दिव्यांविषयी सांगितलं. पाळी संपली की प्रत्येक जण टोपीवरचा दिवा दिव्यांच्या खोलीत आपल्याच नंबरच्या खुंटीवर चार्जिंगला लावतो. दुसऱ्याच्या दिव्याला कुणी हात लावत नाही. आधी कमरेला जड बॅटरी बांधावी लागे. पुढे लिथियमचे हलके दिवे आले. माझ्या वायरिंगकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं आणि मला म्हणाले, चांगलं साफ काम आहे. सगळ्या प्रवासात माझ्या वाट्याला आलेलं हे एक कौतुक होतं आणि ते मी मनात जपून ठेवलं.

सकाळी आभाळ भरलेलं होतं आणि बॅटरी पार उतरलेली. आदल्या दिवशी गाडी फार चालली नव्हती, आणि रात्री विजेचा हीटर लावून आम्ही ऊब घेतली होती. फ्रीजमध्ये अनिकेतच्या मधुमेही मावशीसाठी घेतलेलं इन्सुलिन होतं. ती साकोलीला राहते, तिथे पोचवायचं होतं. फ्रीज बंद पडून चालणार नव्हतं. मी म्हणालो, काळजी नको, इंजिन तासभर चालू ठेवू, तेवढ्यात नाश्ता करून येऊ. अनिकेतनं विचारलं, उभ्या गाडीत चालेल ना? मी जरा वरच्या आवाजात सांगितलं की डायनामोला गाडी उभी आहे की पळते आहे, याच्याशी काय करायचं.

चौकात आलुबोंडा आणि त्यावर लाल रस्सा खाल्ला. अनिकेतच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यानं दुसरी प्लेट मागितली. परत आलो तेव्हा काका गाडीजवळ उभे होते आणि हवेत जळक्या वार्निशचा वास होता. आत बॅटरीचा लाल दिवा लागलेला. मी बॉनेट उघडलं. डायनामोला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. बोटाला फोड आला.

काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि हे मी परीक्षेत लिहूनही आलो होतो. शिशाची बॅटरी भरत आली की हात आखडता घेते. लिथियम भरेपर्यंत मिळेल तेवढं ओढतच राहते. डायनामोला थंड करणारा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो. इंजिन धीम्या गतीला असलं की पंखाही धीमा. म्हणजे मी त्याच्यावर पूर्ण ओझं टाकलं, वारा काढून घेतला, आणि आलुबोंडा खायला गेलो.

अनिकेत रागावला नाही. "होतं रे," एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. डायनामो पुन्हा बांधू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता. मी मधली जाड केबल काढली. इंजिनची पुढची बॅटरी पुरावी म्हणून दिवे न लावता, हॉर्न न वाजवता आणि इंजिन बंद न करता आम्ही निघालो. रस्त्यात म्हशी आल्या की अनिकेत खिडकीतून डोकं काढून अरे अरे करायचा. साकोलीत चालू गाडीतूनच मावशीला डबा दिला. औषध थंड होतं. तिनं त्याला खाली उतर म्हणून किती विनवलं. त्यानं कारण सांगितलं नाही.

सानगडी

दुकानासमोर गाडी थांबली. मिस्त्री बाहेर खुर्चीवर उन्हात बसले होते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तरी जवळचं नीट दिसत नाही. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "या, इंजिनेर सायेब. तुमची गाडी येऊन राहिली तं वास आधी आला."

आत त्यांची सून काम करत होती. कल्याणीवहिनी तुमसरच्या आयटीआयला शिकल्या आहेत. मिस्त्रींचा मुलगा नागपूरला गाडी चालवतो आणि पंधरा दिवसांनी येतो. सुनेनं दुकानात बसायचं ठरवलं तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली म्हणे. आता ट्रॅक्टरवाले आधी तिलाच विचारतात. मी हे फोनवर ऐकलं होतं, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. जिथे माझी चटई असायची त्या कोपऱ्यात तिचं तार गुंडाळायचं यंत्र होतं. फळीवर, माझ्या पुस्तकांच्या जागी, तिची एक जाड वही होती.

मिस्त्रींनी मला कधी पान्यालाही हात लावू दिला नव्हता. मी वही बाजूला ठेवून जवळ गेलो की म्हणायचे, हात काळे करायले मी आहो, तू वाच. याच एका वाक्यासाठी मी त्यांचे आभार मानत आलो. त्या दिवशी वहिनींची वही उघडली आणि मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. वहीत पानोपानी त्यांची विद्या होती. कोणत्या गाडीच्या डायनामोला कोणत्या जाडीची तार, किती वेढे, बेअरिंग जाताना आवाज कसा बदलतो. ते सांगत गेले होते आणि तिनं लिहून घेतलं होतं. मला त्यांनी प्रकाश दिला आणि तिला विद्या दिली, असं मनात आलं. असं मनात येणं कृतघ्नपणाचं आहे हे कळत होतं, तरी ते आलं.

वहिनींनी डायनामो उतरवला, खोलला, आतली काळी पडलेली कॉईल नाकाजवळ नेली. "भाऊजी, गाडी उभी ठेवून चालू होती का?"

"तासभर," मी म्हणालो.

त्यांनी पलंगाखाली वाकून केबलचा माग काढला आणि सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, तेच आहे. डीजेवाल्यासारखं. लिथियम सरळ जोडली, मंधात काहीच नाई."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तिथे गाणी वाजवणाऱ्या एका पिकअपवाल्यानं ई-रिक्षाची लिथियम बॅटरी गाडीला जोडली होती आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एका हंगामात दोन डायनामो जाळले होते. ते दोन्ही वहिनींनीच बांधले. म्हणजे जे मी परीक्षेत लिहून विसरलो ते त्या मंडईत शिकल्या होत्या.

मिस्त्रींनी विचारलं, "कोनं केलं गा हे वायरिंग?"

विचारलं होतं मला. मी तोंड उघडलं, आणि त्याआधी अनिकेत सहज म्हणाला की पुण्यात एकाकडून करून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाला. मी तोंड मिटलं.

मिस्त्री हसले. "त्या पुन्याच्या मिस्त्रीनं जिंदगीत डायनामो हातात घेतला नसन. पुस्तक वाचून केलं असन कोन्या लेकानं."

दुसरा पूर्ण दिवस कॉईल बांधण्यात गेला. वहिनी तार गुंडाळत, मिस्त्री डोळे मिटून ओठांत वेढे मोजत, आणि कुठे चुकलं तर दोघं एकाच वेळी थांबत. अनिकेत शेजारी बसून प्रश्न विचारत होता आणि मिस्त्री त्याला खुलून सांगत होते. मला काम मिळालं ते टॉर्च धरण्याचं. जेवायला बसलो तेव्हा मिस्त्रींच्या पत्नीनं, काकूंनी, पहिला भात सुनेच्या ताटात वाढला, कारण ती सकाळपासून कामावर होती. आमच्या भागात सून शेवटी जेवते. हा बदल पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मी डाळीत मीठ कमी आहे का ते बघत बसलो.

वार्निश वाळल्यावर तिसऱ्या दिवशी डायनामो चढला. मिस्त्रींनी मला हात धरून त्यांना बॉनेटपाशी न्यायला सांगितलं. इंजिन चालू करून त्यांनी डायनामोच्या अंगावर हात ठेवला आणि पाच मोजले. पाचपर्यंत हात टिकला तर डायनामो सुखी, ही त्यांची रीत. मग म्हणाले, "कल्याणी, तू ठेव." तिनं मोजले. ते तिच्या चेहऱ्याकडे वळले, नीट दिसत नसूनही, आणि इतके समाधानानं हसले की मी दुसरीकडे बघितलं. माझ्या पदवीच्या दिवशीही ते हसले होते. पण ते हसू फाटकाबाहेरच्या माणसाचं होतं.

वहिनींनी चालकाच्या हाताशी एक स्विच बसवला. गाडी पळत असेल तेव्हाच लावायचा, तोही अर्धा तास, आणि गाडी उभी राहण्याआधी बंद. मधला चार्जर येईपर्यंत एवढंच, असं बजावलं. अनिकेत पाणी भरायला गेला तेव्हा त्या टेप गुंडाळत हळूच म्हणाल्या, "वायरवरच्या चिठ्ठ्या तुमच्या अक्षरातल्या आहेत ना, भाऊजी? तुमचे पत्र मीच वाचून दाखवतो मामाजीले. अक्षर वळखू येते."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"मी काहून सांगू? तुमचं तुम्ही सांगा." मग टेप तोडत म्हणाल्या, "वेढा चुकला का मले रोज ऐकावं लागते, आमचा गोवर्धन असता तं असा चुकला नसता." गोवर्धन म्हणजे मी.

निघताना मी मिस्त्रींच्या पाया पडलो. खरं सांगायची ती शेवटची संधी होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून अनिकेतला सांगितलं की हा पोरगा कधी खोटं बोलला नाही. मी गाडीत जाऊन बसलो.

चाकणला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना पत्र पाठवलं. ते इथे देतो, कारण माझ्या या प्रवासाचा शेवट सानगडीच्या रस्त्यावर झाला नव्हता.

ती. काकाजींस साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. डायनामो चांगला आहे. चार्जर आला आहे, रविवारी बसवतो.

तुम्ही विचारलं होतं, हे वायरिंग कोणी केलं. मी केलं. पुण्यात दुसरा कोणी नाही. अनिकेतनं मला वाचवलं आणि मी वाचलो. त्याला मी हे पत्र दाखवलं आहे. तो म्हणतो, पाठवू नको, म्हाताऱ्या माणसाला त्रास होईल. पण तुम्ही ज्याला हसलात तो मी आहे, आणि तुम्ही बरोबर हसलात. मी पुस्तक वाचून केलं, आणि तेही नीट वाचलं नाही.

आणखी एक. तीन दिवस मी तुमच्याशी फार बोललो नाही. तुम्हाला वाटलं असेल, साहेब झाला. तसं नाही. तुम्ही वहिनींना शिकवताना बघून माझा जळफळाट होत होता. ज्याच्यासाठी तुम्ही दिवसभर नागपूरला उभे राहिलात त्यानं असं लिहू नये, हे मला समजतं. पण खोटं बोलला नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहितो. मला वाटायचं, तुमच्या दुकानात मी एकटाच होतो.

मे महिन्यात पंधरा दिवस सुटी घेतली आहे. मला डायनामो बांधायला शिकायचं आहे. तुम्हाला मोजायचा त्रास होत असेल तर वहिनींकडून शिकेन. त्या शिकवतील का ते त्यांनाच विचारा. हे पत्र त्याच वाचत असतील, म्हणजे आताच विचारून होईल.

उत्तर त्यांच्या हातचं आलं तरी चालेल.

तुमचा,
गोवर्धन